जनरल पिट-रिव्हर्स: बंदुकांच्या चाचणीपासून उत्खननाच्या तक्त्यांपर्यंत

पुरातत्त्वाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. उत्खननावरच्या पाठ्यपुस्तकांत जनरल पिट-रिव्हर्स यांना शास्त्रीय उत्खननाचे जनक म्हटलेलं असतं. पण हे गृहस्थ तर इंग्लंडमधले बडे जमीनदार आणि लष्करी अधिकारी. मग पुरातत्त्वाशी त्यांचा संबंध आला कुठून, आणि हा मान त्यांना खरंच द्यावा का?

द्यावा, असं माझं मत आहे. मात्र तो कशासाठी द्यायचा हे नीट समजून घ्यायला हवं. त्यांच्या हाती सोन्यानाण्याचं घबाड लागलं नाही, एखादी हरवलेली नगरीही त्यांनी शोधली नाही. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवरची साधी खेडी, चर आणि थडगी त्यांनी खणली. पण जे सापडलं त्यातलं काहीही बिनमहत्त्वाचं म्हणून फेकायचं नाही आणि सगळ्याची नोंद ठेवून ती छापायची, हा नेम त्यांनी वीस वर्षं पाळला. आमच्या दख्खनमधल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर आज खापराचा प्रत्येक तुकडा धुऊन, वाळवून, त्यावर थराचा क्रमांक घालून मोजला जातो. त्या शिस्तीचा माग काढत गेलं की वाट या माणसापाशी पोचते.

त्यांचं जन्मनाव ऑगस्टस हेन्री लेन फॉक्स. जन्म १४ एप्रिल १८२७ चा, यॉर्कशायरमधला. घराणं जमीनदारांचं, आई स्कॉटलंडमधल्या एका अर्लची बहीण. पण हे धाकट्या पातीतले, शिवाय धाकटे चिरंजीव. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमीन वाटली जात नसे. सगळी इस्टेट थोरल्याकडे जायची आणि धाकट्यांनी लष्कर, चर्च किंवा वकिली यांपैकी एक वाट धरायची. लेन फॉक्स काही काळ सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात होते आणि १८४५ मध्ये ग्रेनेडियर गार्ड्स या प्रतिष्ठित पलटणीत दाखल झाले. तेव्हा पायदळातले आणि घोडदळातले हुद्दे रोख पैसे मोजून विकत घेता येत. ही पद्धत थेट १८७१ मध्ये बंद झाली. गार्ड्समधल्या अधिकाऱ्याचं आयुष्य लंडनचा पहारा, मेजवान्या आणि लांबलचक रजा यांत जायचं. शिकार आणि जुगारात सगळी नोकरी घालवणारेही कमी नव्हते.

लेन फॉक्स यांच्या हाती एक वेगळं काम आलं. १८५० च्या सुमारास ब्रिटिश सैन्य गुळगुळीत नळीची जुनी बंदूक टाकून रायफल घेण्याच्या विचारात होतं. जुन्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी शंकूच्या आकाराची गोळी बार उडताच तळाशी फुगायची आणि नळीच्या आतल्या पिळाला घट्ट बसायची. त्यामुळे ती फिरत जायची आणि कितीतरी लांबचा नेम साधायची. या नव्या हत्याराच्या चाचण्यांत लेन फॉक्स होते. सैनिकांना ते कसं शिकवायचं याची पद्धत बसवण्यातही त्यांचा मोठा हात होता. १८५३ मध्ये केंट परगण्यात हाइथ इथे नेमबाजीचं लष्करी विद्यालय सुरू झालं. त्याच वर्षीच्या नमुन्याची एन्फील्ड रायफल पुढे हिंदुस्थानात आली आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ मध्ये काय पेटवलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

चाचणीचं काम म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. ठरलेलं अंतर, ठरलेला दारूचा बार, इतक्या फैरी, त्यातल्या इतक्या लक्ष्यावर, इतक्या डावीकडे, इतक्या खाली. सगळं तक्त्यात मांडायचं. चुकलेली गोळीही मांडायची, कारण चुका लपवल्या तर चाचणीला अर्थच उरत नाही. या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक तर तक्त्याची सवय. दुसरी म्हणजे एक कल्पना. रायफल कुणा एकाच्या डोक्यातून अचानक निघालेली नसते, आधीच्या बंदुकीत बारीक फरक होत होत ती घडत जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते जुन्या बंदुका जमवू लागले. बंदुकांवरून भाले, ढाली, धनुष्यं, पुढे मासेमारीची साधनं, कुलपं, वाद्यं असा संग्रह वाढत गेला.

मधेच क्रिमियाचं युद्ध झालं. २० सप्टेंबर १८५४ रोजी आल्मा नदीच्या लढाईत ते होते आणि लढाईच्या अहवालात त्यांचा उल्लेख आला. पण प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना लवकरच मायदेशी पाठवण्यात आलं. नंतर माल्टात त्यांनी सैनिकांना नेमबाजी शिकवली. त्यांच्या प्रत्यक्ष लढाईची कहाणी इथेच संपते. बाकीची सगळी नोकरी शिक्षण, तपासणी आणि प्रशासन यांत गेली.

१८५३ मध्ये त्यांचं लग्न ॲलिस स्टॅन्ली यांच्याशी झालं. सासर बुद्धिमंतांचं आणि बड्या राजकारण्यांचं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल हे ॲलिस यांच्या बहिणीचे चिरंजीव. डार्विनचा सिद्धान्त १८५९ मध्ये आला, तेव्हा लेन फॉक्स यांच्या घरात हत्यारांच्या रांगा आधीच लागल्या होत्या. जीवसृष्टीत जे घडतं तेच माणसाच्या वस्तूंतही घडतं, अशी त्यांची खात्री झाली. १८७५ मध्ये संस्कृतीच्या उत्क्रांतीवर त्यांनी दिलेलं व्याख्यान गाजलं आणि पुढच्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

इथे मला त्यांचा दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. त्या व्याख्यानातली एक आकृती आजही दाखवली जाते. मध्यभागी साधी काठी आणि तिच्यापासून किरणांसारख्या बाहेर जाणाऱ्या रांगा. एकीकडे काठी हळूहळू वाकत बूमरँग होते, दुसरीकडे रुंद होत ढाल होते, तिसरीकडे भाला. दिसायला सुरेख. पण त्यातल्या वस्तू ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, त्यांच्याच काळात वापरात असलेल्या. कोणती आधीची, कोणती नंतरची याचा पुरावा काहीच नाही. जी साधी ती जुनी, एवढ्याच गृहीतावर रांग लावलेली. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की, त्या वस्तू वापरणाऱ्या माणसांनाही त्यांनी त्याच शिडीवर बसवलं. काही समाज मागासलेले, जणू आपल्याच पूर्वजांचे जिवंत नमुने, हे त्यांचं मत होतं. साम्राज्याला सोयीचं असलेलं हे मत त्यांनी शास्त्र म्हणून मांडलं आणि ते चूक होतं. वस्तूंच्या प्रकारांवरून क्रम लावण्याची पद्धत आम्ही आजही वापरतो, पण थरांचा आधार असल्याशिवाय तिच्यावर भार टाकत नाही.

हा संग्रह १८७४ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन या कामकरी वस्तीतल्या संग्रहालयात लोकांसाठी मांडला गेला. पुढे १८८४ मध्ये वीस हजारांहून जास्त वस्तू ऑक्सफर्ड विद्यापीठाला मिळाल्या. संग्रहासाठी इमारत बांधावी आणि विषय शिकवायला व्याख्याता नेमावा, या अटींवर. त्यातून मानवशास्त्राच्या शिक्षणासाठी एडवर्ड टायलर यांची नेमणूक झाली. आजचं पिट रिव्हर्स म्युझियम ते हेच.

आता उत्खननाकडे येतो. १८६० नंतर नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये असताना ते तिथल्या मातीच्या गोलाकार गढ्या पाहू लागले. परतल्यावर ग्रीनवेल या हौशी धर्मगुरूंबरोबर यॉर्कशायरची थडगी उघडताना खणण्याचे धडे मिळाले. ससेक्समधल्या सिसबरी इथे गारगोटीच्या प्राचीन खाणी त्यांनी तपासल्या. तिथे हरणाच्या शिंगांची हत्यारं सापडली, तेव्हा तशीच हत्यारं करवून घेऊन खडूचा दगड खरोखर फुटतो का हे त्यांनी करून पाहिलं. रायफलीची चाचणी घेणारा माणूस शिंगाच्या कुदळीचीही चाचणी घेणारच!

हे सगळं रजेतलं काम होतं. १८८० मध्ये नशीब फिरलं. नात्यातल्या रिव्हर्स घराण्यातले वारस एकामागून एक दगावले आणि सहावे बॅरन रिव्हर्स वारल्यावर जुन्या मृत्युपत्राप्रमाणे इस्टेट यांच्याकडे आली. क्रॅनबोर्न चेस नावाच्या, डॉर्सेट आणि विल्टशायर परगण्यांच्या सीमेवरच्या मुलखात पंचवीस हजार एकरांहून जास्त जमीन, रशमोर नावाचा वाडा आणि वर्षाला सुमारे वीस हजार पौंडांचं उत्पन्न. अट एकच: पिट-रिव्हर्स हे नाव लावायचं. त्रेपन्नाव्या वर्षी लेन फॉक्सचे पिट-रिव्हर्स झाले. १८८२ मध्ये लेफ्टनंट जनरल हुद्द्यासह ते निवृत्त झाले. मधुमेह जडला होता, पण उरलेली अठरा वर्षं त्यांनी याच जमिनीत काय पुरलं आहे ते पाहण्यात घालवली.

हे क्षेत्र शतकानुशतकं शिकारीसाठी राखीव होतं. म्हणून बरीच जमीन नांगराखाली आलीच नव्हती आणि प्राचीन खेड्यांच्या खुणा गवताखाली तशाच राहिल्या होत्या. जमीनही त्यांची, मजूरही त्यांच्याच इस्टेटीतले, खर्चाला कुणाला विचारायचं नाही. पगारी साहाय्यकांची तुकडी त्यांनी ठेवली. कुणी मोजणी करायचं, कुणी चित्रं काढायचं, कुणी हाडं मापायचं. त्यांतलेच हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे पुढे स्वतः नावाजलेले उत्खनक झाले. कामाची वाटणी लष्करी छापाची होती आणि जनरलसाहेबांची तपासणी कडक असे.

याच विल्टशायरमध्ये शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड कोल्ट होअर या दुसऱ्या जमीनदाराने शेकडो थडगी उघडली होती. त्यांचं काम त्यांच्या काळाच्या मानाने चांगलं होतं. पण त्या पिढीची रीत वरून मध्यभागी खड्डा घ्यायचा, अस्थी आणि चांगल्या वस्तू काढायच्या आणि पुढच्या थडग्याकडे जायचं, अशी होती. मोडकी खापरं, जनावरांची हाडं, लोखंडाचे गंजलेले तुकडे यांना कुणी विचारत नसे. पिट-रिव्हर्स यांनी वुडकट्स आणि रॉदरली ही रोमन काळातली दोन सामान्य खेडी खणली. तिथलं खापरन् खापर, खिळा, हाड नोंदलं. साधी वस्तू दुर्मीळ वस्तूपेक्षा महत्त्वाची, कारण ती जास्त ठिकाणी सापडते, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. खणणारा माणूस सहसा स्वतःला त्या वेळी महत्त्वाचं वाटतं तेवढंच टिपतो आणि पुढच्या काळात नवे प्रश्न उभे राहिले की उत्तराचा पुरावा उरलेला नसतो, ही त्यांची तक्रार होती. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी पॉटरी यार्डात, म्हणजे खापरं धुऊन निवडण्याच्या अंगणात बसवतो, तेव्हा हेच सांगतो.

त्यांची पद्धत नेमकी कशी चालायची हे पाहायचं तर बोकर्ली डाइक घ्या. हा मैलोन्‌मैल गेलेला मातीचा बांध आणि त्याला लागून खोल चर. कुणी तो रोमनपूर्व म्हणे, कुणी नंतरचा. पिट-रिव्हर्स यांनी १८८८ पासून तो आडवा कापला. बांध घालताना माती ज्या जुन्या पृष्ठभागावर टाकली, तो पृष्ठभाग बांधाच्या पोटात कायम राहतो. त्यावर किंवा बांधाच्या मातीत नाणं सापडलं, तर बांध त्या नाण्यापेक्षा जुना असू शकत नाही. मात्र एखादं नाणं सशाच्या बिळातूनही खाली जाऊ शकतं. म्हणून त्यांनी प्रत्येक नाण्याची जागा आणि खोली मोजून ती छेदाच्या, म्हणजे कापलेल्या उभ्या बाजूच्या, रेखाचित्रावर मांडली. चौथ्या शतकाच्या अखेरीची रोमन नाणी अशा जागी मिळाली, तेव्हा बांधाचा तिथला भाग रोमन सत्तेच्या अगदी उतरत्या काळातला किंवा त्यानंतरचा ठरला. तर्क साधा आहे, पण मांडणी अशी की वाचणाऱ्याने त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही. चित्र पाहून त्याला स्वतः तपासता येतं.

दुसरं उदाहरण वॉर बॅरोचं. हे नवाश्मयुगातलं लांबट थडगं त्यांनी १८९३–९४ मध्ये पूर्ण खणलं. त्याच्या भोवतीचा चर रिकामा केला आणि तसाच उघडा ठेवला. चार वर्षांनी परत येऊन किती गाळ साचला ते कापून पाहिलं. थंडीत फुटलेल्या खडूचा भरड चुरा तळाशी भराभर साचतो आणि नंतर भरण्याचा वेग मंदावतो, हे दिसलं. म्हणजे अशा चराच्या अगदी तळाच्या चुऱ्यात सापडलेली वस्तू चर खणल्याच्या काळाच्या जवळची. आज प्रायोगिक पुरातत्त्व म्हणून वेगळी शाखा आहे. तिच्या सुरुवातीच्या कामांत मी याची गणना करतो. खणून झालेल्या जागी तळाशी स्वतःच्या नावाचं छोटं पदक ठेवून मग माती लोटायची, हीही त्यांची रीत होती. पुढे कुणी खणलं तर इथे आधी कोण येऊन गेलं ते कळावं.

आता मर्यादा. ते थर ओळखून सोलत नसत, ठरावीक जाडीच्या आडव्या पापुद्र्यांनी खाली जात आणि वस्तूची पृष्ठभागापासूनची खोली मोजत. सपाट, शांत साचलेल्या जागी हे चालून जातं. पण वरच्या काळातल्या माणसाने खालच्या थरांत खड्डा घेतला असेल, तर एकाच खोलीवर दोन वेगवेगळ्या काळांच्या वस्तू शेजारी-शेजारी असतात आणि पापुद्र्याच्या पद्धतीत त्या मिसळतात. लाकडी घरांच्या खांबांचे खळगेही त्यांच्या नजरेतून बरेच सुटले. साउथ लॉज कॅम्प ही त्यांची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा खणली गेली, तेव्हा त्यांना न दिसलेल्या बांधकामाच्या खुणा मिळाल्या.

मग मान का द्यायचा? तर क्रिस्टोफर हॉक्स या अभ्यासकाने १९४७ मध्ये वुडकट्स आणि रॉदरलीचा इतिहास नव्याने मांडला, तो बहुतांशी पिट-रिव्हर्स यांनी छापलेल्या नकाशांवरून आणि तक्त्यांवरून. मूळ निष्कर्ष बदलले, पण नोंदी उपयोगी पडल्या. उत्खनन करताना आपण पुरावा कायमचा मोडत असतो, त्यामुळे साठ वर्षांनंतर दुसऱ्या माणसाला आपली चूक आपल्याच नोंदींतून दुरुस्त करता येणं, ही माझ्या लेखी उत्खनकाची सर्वांत कठीण परीक्षा आहे. ती ते पास झाले.

आपल्याकडचा दुवा इथेच आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर पिट-रिव्हर्स यांना गुरुस्थानी मानत. डॉर्सेटमधल्याच मेडन कॅसल या किल्ल्याच्या उत्खननात (१९३४–३७) त्यांनी जनरलची नोंदीची शिस्त घेतली आणि थरांच्या बाबतीतली उणीव भरून काढली. लंडनला शिकणारे हसमुख सांकलिया त्या उत्खननात काम शिकले आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. व्हीलर स्वतः १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते आणि तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणवर्ग चालवला. नाशिक, जोर्वे, नेवासे, पुढे इनामगाव ही डेक्कन कॉलेजची उत्खननं याच परंपरेतली. इनामगावला तर राजवाडा नव्हता की देऊळ नव्हतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्य, हाडं आणि खापरं. साध्या वस्तूंवर विश्वास नसता, तर ते गाव आपल्याला कळलंच नसतं.

जमीनदार म्हणून ते कसे होते, हेही विचारलं जातं. रशमोरजवळ लार्मर ट्री नावाची बाग त्यांनी १८८५ मध्ये लोकांसाठी खुली केली. प्रवेश फुकट, रविवारी बँड, सहलीसाठी भांडीकुंडीसुद्धा मिळायची. १८९९ मध्ये तिथे ४४ हजारांवर माणसं येऊन गेली. कादंबरीकार टॉमस हार्डी १८९५ मध्ये तिथे जनरलच्या मुलीबरोबर नाचले होते. फार्नम गावात त्यांनी दुसरं संग्रहालय उभारलं. त्यात शेतीची अवजारं, खेड्यातली मडकी, उत्खनन केलेल्या जागांच्या लाकडी प्रतिकृती होत्या. खेडुतांनी यावं, पाहावं ही इच्छा खरी होती. पण हेतू राजकीयही होता. बदल नेहमी हळूहळू होतो, हे वस्तूंच्या रांगांतून कामकऱ्यांना पटलं की ते क्रांतीच्या नादी लागणार नाहीत, असं त्यांनी १८९१ च्या व्याख्यानात उघड सांगितलं. घरात ते कठोर होते आणि मुलांशी त्यांचे संबंध ताणलेले होते. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटल्यावर तिथल्या कलावस्तू त्यांनी विकत घेतल्या आणि त्यांची सचित्र सूची छापली. सूची अभ्यासकांना उपयोगी आहे, तरी लुटीचा माल तो लुटीचाच. फार्नमचा तो संग्रह पुढे विकला जाऊन जगभर पांगला.

एक काम मात्र या सगळ्याहून मोठं, आणि पाठ्यपुस्तकात त्याला ओळभर जागा मिळते. खासदार जॉन लबक यांच्या खटपटीने १८८२ मध्ये ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला. हे लबक नंतर जनरलचे जावई झाले. पिट-रिव्हर्स १८८३ पासून पहिले स्मारक निरीक्षक होते. कायदा दुबळा होता, मालकाने संमती दिली तरच स्मारक सरकारी देखरेखीखाली येई. त्यामुळे ते गावोगाव फिरून एकेका जमीनदाराला पटवत. समोरचा माणूस आपल्याच वर्गातला, म्हणून निदान ऐकून तरी घेतलं जाई. सोबतचे साहाय्यक स्मारकांची रेखाटनं आणि मोजमापं घेत. पुढे ते हे काम बिनपगारी करत राहिले. ४ मे १९०० रोजी रशमोरला त्यांचं निधन झालं. दहनाचे ते आग्रही पुरस्कर्ते होते, त्यामुळे दफनाची चाल असलेल्या त्या समाजात त्यांचं दहन झालं आणि रक्षा टॉलर्ड रॉयलच्या चर्चमध्ये ठेवली गेली.

प्रश्न विचारणारीला एक सुचवतो. क्रॅनबोर्न चेसच्या उत्खननांचे चार खंड १८८७ ते १८९८ या काळात त्यांनी स्वखर्चाने छापून वाटले. ते मिळाले तर प्रस्तावना नंतर वाचा. आधी वस्तूंचे तक्ते उघडा, त्यातलं एक साधं खापर निवडा आणि ते कुठल्या खड्ड्यात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी होतं हे नकाशावर आणि छेदावर शोधून काढा. मग आपल्या विभागातला एखादा अलीकडचा अहवाल घेऊन त्यातल्या एका खापराचा तसाच शोध घ्या.